तिसरा कप्पा

डॉक्टरांनी वकिलांचा घसा उघडला, आवाज काढून घेतला, आणि दुसऱ्याच आठवड्यात भाच्याने मामाला लॅपटॉप आणून दिला. आता मामा म्हणजे जन्मभर कोर्टात घसा फोडून दुसऱ्यांची बाजू मांडलेला माणूस. त्याने एका बोटाने टाइप करायचं! उजवा हात थरथरायचा, डाव्याची तर्जनी तेवढी जरा ऐकायची. एक वाक्य पुरं होईस्तोवर समोरचा जांभई देऊन उठून जायचा.

म्हणून भाच्याने युक्ती करून दिली. लिहायच्या पानामागे नऊ कप्पे. मजकूर निवडायचा, एक बटण आणि आकडा दाबायचा, की तो त्या कप्प्यात जाऊन बसतो. नंतर नुसता आकडा दाबला की मजकूर पानावर उतरतो आणि यंत्र तो मोठ्याने वाचतं. एक म्हणजे ‘पाणी’, दोन म्हणजे ‘उशी वर करा’.

“एकच लक्षात ठेव मामा,” भाचा म्हणाला होता, “भरल्या कप्प्यात नवीन घातलंस की जुनं गेलं. मग ब्रह्मदेव आला तरी परत मिळायचं नाही.”

आज डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनचं विचारायला येणार होते. या खेपेला जीभ जाणार होती, आणि एवढं करून माणूस वाचेल याची हमी त्यांनीही दिली नव्हती. वकिलांना ते नको होतं. नको म्हणजे नकोच! घरी जायचं, आपल्या खुर्चीत बसायचं, जिभेला चव कळतेय तोवर घोट घोट चहा घ्यायचा, मग व्हायचं ते होवो. पण डॉक्टर यायचे घोड्यावर बसून. वकिलांचा ‘न’ टाइप होईपर्यंत ते पुढच्या खाटेपाशी पोचलेले असायचे.

म्हणून त्यांनी सकाळभर बोट झिजवून आपलं म्हणणं लिहिलं. पानावर ठेवलं तर मुलगी वाचेल, आणि ती तर ऑपरेशनसाठी हटून बसलेली. तेव्हा सगळं पानावरून कापून तिसऱ्या कप्प्यात टाकलं. दुसरीकडे कुठे एक ओळ ठेवली नाही. वकिली डोकं ना! स्वतःच्या हुशारीवर खूश होत, लॅपटॉप खाटेवरच ठेवून ते व्हीलचेअरवरून छातीचा फोटो काढायला गेले.

परत येऊन टेकतात न टेकतात तोच डॉक्टर आले.

“काय वकीलसाहेब, काय ठरलं?”

वकिलांनी तीन दाबला.

“तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर,” यंत्र म्हणालं. “ऑपरेशन करून टाका. माझी तयारी आहे.”

हे वकिलांनी लिहिलंच नव्हतं! त्यांनी पुन्हा तीन दाबला. यंत्राने तेच, त्याच थंड आवाजात पुन्हा सांगितलं.

“अहो कळलं, कळलं!” डॉक्टर हसले. “घाई माझ्यापेक्षा तुम्हालाच दिसतेय. सिस्टर, मंगळवार लिहा.”

मुलगी खिडकीशी उभी राहून घडी घातलेल्या टॉवेलची पुन्हा घडी घालत होती. वर बघत नव्हती. कार्टीने वाचलं होतं तर! वकिलांनी टाइप करायला घेतलं. ‘न’ आला. पुढचं अक्षर भलतंच उमटलं. ते पुसलं, तर ‘न’ही गेला. त्यांनी डॉक्टरांचा कोट धरायला हात टाकला, तो पाण्याच्या ग्लासवर आपटला.

“सांभाळून! भीती वाटतेच हो सगळ्यांना,” डॉक्टर त्यांच्या खांद्यावर थोपटून म्हणाले आणि वळले.

घशातून नुसता वारा येत होता. काय करावं माणसाने? उभ्या आयुष्यात कुणापुढे न वाकलेल्या त्या म्हाताऱ्याने पोटच्या पोरीपुढे हात जोडले. थरथरता उजवा हात डाव्याला नीट जुळेना, तरी जोडले.

टॉवेल तिच्या हातातून खाली पडला.

“डॉक्टर, थांबा. ते बाबांचं नव्हतं. मी घातलं होतं. त्यांचं मी घालवलं.”

डॉक्टर दारातून मागे आले. “मग त्यांचं काय होतं?”

घालवण्याआधी तिने ते किती वेळा वाचलं होतं, तिचं तिला माहीत. शाळेत कविता म्हणायला उभं केल्यासारखी ती हात मागे बांधून म्हणू लागली.

“मला हे ऑपरेशन नको. माझं डोकं ठिकाणावर आहे. मला घरी जाऊ द्या.”

वकिलांनी घाईघाईने हात हलवला. बस, एवढं पुरे, पुढचं नको. पण ती थांबली नाही.

“माझी मुलगी रडेल, तुमच्या पाया पडेल, माझ्या नावावर खोटंही बोलेल. तिचं ऐकू नका. तिच्यावर रागावूही नका. तिला माझ्याशिवाय कोणी नाही.”

डॉक्टरांनी सिस्टरच्या हातातला कागद मागून घेतला आणि मंगळवार खोडला.