चारशे बारा पत्ते

अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारं ते छोटं ग्रंथालय. एका अंध मुलीने परीक्षेसाठी गणिताचं पुस्तक मागितलं, तेव्हा ध्वनिमुद्रण सांभाळणारे काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. गणित वाचणाऱ्या बाईंचा ईमेल फक्त काकांच्या कॉम्प्युटरवर आणि त्यांचा फोन बंद. मुलगी पुस्तकाविनाच परीक्षेला बसली. ग्रंथपाल ताईंना ते फार लागलं. आपल्या, काकांच्या आणि कारकुनाच्या अशा तिन्ही टेबलांवरच्या कॉम्प्युटरमधले पत्ते एकत्र करायचे आणि सगळ्यांच्या ईमेलला पत्त्यांची एकच सामाईक वही जोडायची, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

काका काळा चष्मा लावून परतले आणि त्यांनी आपली यादी द्यायला साफ नकार दिला.

"ही वाचणारी माणसं मी जोडलीत. उद्या कोणीही ऊठसूट त्यांना मेल टाकेल."

ताईंनी आवाज चढवला नाही. "माणसं तुमचीच राहतील, काका. पण तुम्ही रजेवर गेलात की आम्हाला ती कुठे सापडणार?"

काकांनी आपला कॉम्प्युटर सुरू केला. मग त्यांनी पासवर्ड टाकला.

पहिल्या प्रयत्नात नव्या वहीत सगळी मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊन आली. कारकून म्हणाला, इंग्रजीत टाकून मोकळं होऊ. ताईंनी ते धुडकावलं आणि फाइल वेगवेगळ्या पद्धतींनी साठवून पाहिली. चौथ्या खेपेला अक्षरं उमटली. पण काकांच्या यादीत नावं कसली, तर 'खोकणारे सर', 'घाईवाल्या मावशी'! कोण कोण ते फक्त काकांना ठाऊक. ताईंनी त्यांच्यासाठी शेजारी खुर्ची ओढली.

तीन दिवस काका सांगत गेले आणि ताई टाइप करत गेल्या. कोणाला सकाळी विचारायचं नाही, कोणाचा घसा थंडीत बसतो, सगळंच काकांना पाठ. त्यासाठी ताईंनी 'सूचना' असा वेगळा रकाना केला. वही सर्वांनी वाचायची, पण बदल ताई आणि काका या दोघांनीच करायचे, असंही ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून काका आपणहून लवकर यायला लागले.

चौथ्या दिवशी वहीतल्या चारशे बारा जणांना ईमेलने पहिलं पत्र गेलं. त्यातली अकरा पत्ता चुकीचा म्हणून परत आली. कारकून म्हणाला, एवढी गळती चालायचीच. ताईंनी अकरा नावं कागदावर उतरवली, निम्मी काकांच्या हाती दिली आणि फोन पुढे ओढला.