चेतनच्या कन्सोलवर लिनक्स

तोंडी परीक्षेला दोन दिवस उरले आणि दिशाच्या लॅपटॉपने मान टाकली. डाळिंबाच्या पानाचा फोटो पाहून रोग ओळखणारा तिचा प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर शाबूत होता, पण चालवायचा कशावर? केडगावच्या त्या घरात तो चालेल असं एकच यंत्र होतं, थोरल्या भावाचा, चेतनचा, टीव्हीला जोडून खेळायचा जुना गेम कन्सोल. चेतन भंडारदऱ्याला हॉटेलात कामाला. सुट्टीला आला की खेळायचा. एरवी कुणी हात लावलेला त्याला खपायचा नाही.

कन्सोल कधी अपडेट केलेला नव्हता, त्यातली जुनी फट उघडीच होती, म्हणून त्यावर लिनक्स चढवता येणार होतं. लिनक्स म्हणजे कुणीही फुकट वापरावी, हवी तशी बदलावी अशी संगणकाची प्रणाली. पण कंपनीने कन्सोलला घातलेलं कुलूप चुकवून आत शिरताना तो मधेच बंद पडायचा. पाचव्यांदा पडला आणि पडद्यावर आलं : आतलं सगळं पुसल्याशिवाय चालू होणार नाही. म्हणजे चेतनचे सगळे गेम जाणार.

तिने चेतनला चारदा फोन लावला. डोंगरात रेंज नव्हती. शेवटी डोळे मिटून बटण दाबलं. तासाभराने लिनक्स उघडलं.

परीक्षेच्या सकाळी चेतन अचानक दारात उभा. दिशाच्या पिशवीतला कन्सोल बघून म्हणाला, "ह्यो कुठं निघाला?"

तिने प्रोजेक्टचं सांगितलं. पुसल्याचं ओठांवर आलं, पण बाहेर पडेना.

"चल, गाडीवर सोडतो," तो म्हणाला.

कन्सोल बंद केला की दर वेळी कुलूप नव्याने चुकवावं लागे. परीक्षकांसमोर तो एकदा बंद पडला, दुसऱ्यांदाही पडला. दिशाने पुन्हा बटण दाबलं. बाहेरगावचे परीक्षक घड्याळाकडे बघत म्हणाले, "शेवटची संधी."

तिसऱ्यांदा पांढऱ्या ओळी सरसरत गेल्या आणि लिनक्स उघडलं. प्रोजेक्टने पहिली चार पानं बरोबर ओळखली. मग परीक्षक सरांनी स्वतःच्या बागेतल्या पानाचा फोटो दिला. यंत्र म्हणालं, तेल्या, डाळिंबावर तेलकट डाग पाडणारा रोग.

"हा तेल्या नाही," सर म्हणाले.

"चुकलं, सर. या पानावर जो रोग आहे, त्याचे फोटो मला फार कमी मिळाले," दिशा म्हणाली.

सरांनी मान डोलावली. "चूक कुठे झाली ते कळतंय तुला. पास आहेस."

कॉलेजच्या फाटकाशी चेतन उभा होता. दिशाने एका दमात सांगून टाकलं.

"समदं गेलं?"

"सगळं."

"दोन वर्षं खेळत हुतो मी." त्याने गाडीला किक मारली. तिला घरी सोडून तो न जेवताच भंडारदऱ्याला परत गेला. आईने विचारलं, काय बिनसलं? दिशाने कन्सोल पुन्हा त्याच्या जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ह्यो हॉटेलचा नंबर हाय, लिहून घे," चेतन म्हणाला. "पुन्हा असलं काही करायचं असंल तर हितं लाव. मी न्हाई म्हणलो नसतो, दिशे. पर काल गाडीवर बसायच्या आधी सांगायचं हुतंस."

"व्हय दादा," ती म्हणाली. रडू आलं, ते तिने आवरलं नाही.