आवाजी मतदान

विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीच्या दारात रखवालदारानं ताईच्या पिशवीतल्या विणकामाच्या सुया काढून घेतल्या.

“या सुया मी मंत्र्यांना टोचणार आहे का?” ताई म्हणाली.

“त्यांना काय टोचणार हो, आजी,” तो हळूच म्हणाला, “पण नियम आहे.”

आम्ही मागच्या बाकावर बसलो. माहितीच्या हक्काचं विधेयक नेहमीप्रमाणे कामकाजात सगळ्यात शेवटी होतं. दर अधिवेशनात ते तिथंच असायचं आणि तिथवर पोचेपर्यंत वेळ संपायचा. तो कायदा झाला असता, तर ताईला वीजघरातल्या स्फोटाचा चौकशी अहवाल मागता आला असता. बॉयलर फुटला तेव्हा दाजी गेले, आणि त्यांच्या पाळीवरचा फिटरही. पाण्याची पातळी बघायची सोडून दाजी झोपले होते, अशी कुजबुज तेव्हाच उठली. फिटरची बायको ताईशी बोलायची थांबली ती थांबलीच. अहवाल सरकारच्या कपाटात होता.

“झोपले असतील तर तसं लिहिलेलं दाखवा,” ताई म्हणायची. “मी ऐकून घेईन. पण हे लोंबकळणं पुरे.”

आताही तिचा पाय सारखा हलत होता.

“आलं का रे?”

“नाही. अजून मासेमारीच्या जाळ्यांवर चाललंय.”

“सकाळपासून जाळीच विणतायत मेले!”

पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून पाहिलं. मी ओशाळून छताकडे बघू लागलो.

अखेर मंत्री उठले. लोकांचा हक्क सरकारला तत्त्वतः मान्यच आहे, म्हणूनच घाई नको, असं काहीसं ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका मऊ होता, की ताईपर्यंत त्यातलं निम्मंही पोचलं नसावं. मग त्यांनी विधेयक पुन्हा समितीकडे पाठवण्याचा प्रस्ताव मांडला. अध्यक्षांनी विचारलं. दोन्ही बाजूंच्या बाकांवरून एकच आरोळी उठली, “होय!” हातोडा पडला.

“झालं! झालं की रे!” ताईनं माझा हात धरून हलवला, उभी राहिली आणि टाळ्या वाजवू लागली. मी बाकाखालची छत्री शोधेपर्यंत ती जिन्यावर होती.

मी स्वतःवर शंका घेतली. घेतोच. या वेळी मात्र त्या सवयीचा आधार वाटला. माझीच काही चूक होत असेल. ती म्हणते तसंच झालं असेल.

खाली आलो तेव्हा ती फोनवर होती.

“मी बोलतेय. हो, मीच. कायदा झाला. आता आपण दोघी मिळून वाचू. जे निघेल ते निघेल.” ती बराच वेळ ऐकत राहिली. “येते. आत्ताच येते.”

फिटरची बायको होती.

बसथांब्यावर मला राहवेना.

“ताई, ते ‘होय’ पुढे ढकलायला होतं.”

“सगळ्यांचं?”

“विरोधकांचंसुद्धा.”

“आणि तुला तेव्हाच कळलं होतं.”

“वाटलं, माझंच चुकतंय.”

“तुझं बरोबर असलं की तू तोंड शिवून बसतोस!”

“मी त्यांना फोन करून सांगू का?”

“काय सांगणार? कपाट बंद आहे, तेव्हा तुम्हीही दार लावून घ्या? किती वर्षांनी ये म्हणालीय ती मला.”

“पण तुझ्याकडे दाखवायला काहीच नाही म्हटल्यावर त्या चिडतील. दाजींवरून बोलतील.”

“बोलू दे. आजवर पाठीमागे बोलली. निदान तोंडावर तरी बोलेल. मलाही विचारायचंय तिला, कुणी सांगितलं तुला, कुणी पाहिलं त्यांना झोपलेलं?”

बस आली. “तू नको येऊस,” ती म्हणाली आणि चढली. मी तरीही मागच्या दारानं चढलो. तिचा थांबा बराच लांब होता, जागाही रिकाम्या होत्या, पण ती बसली नाही. दांडा घट्ट धरून ती दारापाशीच उभी राहिली, आणि बस कुठंही जरा मंदावली की एक पाऊल पायरीवर टाकत होती.