कोटाची डावी बाही

अण्णांनी कोटाची डावी बाही पुन्हा परत पाठवली, तेव्हा लेकीने कात्री टेबलावर आपटली. खाली शिंप्याचं दुकान, वर घर. म्हातारा वर अंथरुणाला खिळलेला, डॉक्टरांनी हात टेकलेले, तरी एकही कपडा त्यांच्या अंगठ्याखालून गेल्याशिवाय गिऱ्हाइकाला मिळायचा नाही! अण्णा डोळे मिटायचे, शिवणीवरून अंगठा फिरवायचे आणि तोंड वाकडं करायचे.

“मुंढ्याच्या मागे, खांद्याच्या जोडाला चुणी आहे. उसव.”

“कुठे आहे? मला तर दिसत नाही!”

“दिसायला ती काय मिरवणूक आहे? उसव म्हटलं ना.”

तिनेही निम्मं आयुष्य मशिनवर काढलं होतं. लोक तिच्या हाताची तारीफ करायचे. पण बापाच्या तोंडून ‘जमलं’ म्हणून शब्द फुटेल तर शपथ! जाणारी माणसं म्हणे शहाणपणाच्या चार गोष्टी सांगतात, लेकरांच्या डोक्यावरून हात फिरवतात. हा माणूस जाता जाता बाह्या उसवायला लावत होता. तिला तो एक शब्द हवा होता, आणि अण्णा असेपर्यंत हवा होता. नंतर काय चाटायचाय?

मग तिने डोकं लढवलं. बाही उसवलीच नाही. पुढचे दोन दिवस अण्णा गुंगीतच होते. ते जरा शुद्धीवर आले तशी तिने नुसती इस्त्री फिरवली, तीच बाही वर नेली आणि उसवून पुन्हा लावली म्हणून ठोकून दिलं.

अण्णांनी डोळे मिटले. अंगठा मुंढ्याच्या मागून सरळ पुढे गेला.

“जमलं,” ते म्हणाले. “झकास जमलं बघ.”

फसवलं की नाही म्हाताऱ्याला! तिला हसू फुटलं, आणि लगेच विरलं. त्या अंगठ्याला आजवर कोणी फसवू शकलं नव्हतं.

“अण्णा, नीट बघा ना.”

“बघितलं गं.”

“अहो, असेल एखादी चुणी! एरवी बऱ्या खोडी काढता!”

“किती छळशील, बाई? छान आहे म्हणतोय ना!”

आयुष्यभर मागितलेला शब्द मिळाला होता आणि तो परत घ्या म्हणून ती भांडत होती. अण्णांना तेवढ्यात झोप लागली.

चरफडत तिने बाही मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. काही लागलं नाही. पुन्हा फिरवला, त्यांच्यासारखा, अगदी सावकाश. होती. मेली तिथेच होती, मुंढ्याच्या मागे, केसाएवढी.

“नीट सांगायला काय झालं होतं?” ती झोपलेल्या बापावर खेकसली. त्यांनी नीटच सांगितलं होतं.

ती त्यांच्या पायाशी बसून टीप उसवू लागली. आता वर येऊन कोणाला विचारायची गरज उरली नव्हती, आणि त्याचाच तिला भयंकर राग आला होता.