खिंडीतून सामन्याला

गाय व्यायली तेव्हा साडेनऊ वाजले होते, आणि संघाची व्हॅन तर नऊलाच निघून गेली होती. रोरीने हात धुतले, शिंटीची, म्हणजे त्यांच्याकडच्या हॉकीसारख्या खेळाची, वाकडी काठी माउंटन बाइकच्या दांडीला बांधली आणि खिंडीची वाट धरली. सामन्याचं गाव किनब्राख सडकेने नव्वद मैल पडतं, डोंगरातून अठरा. सामना दीडला होता.

पंधरा वर्षं आपल्या गावाचा, आर्डलूइनचा गोल त्यानेच राखला होता. आज व्हॅन चालवणारी डोलिना त्याच्या जागी उभी राहणार, आणि डोलिनाचे हात चपळ होते. एकदा गेलेली जागा परत मिळेल का, या विचाराने तो पेडल आणखी जोरात मारत होता.

चढावर निम्मा वेळ तो सायकलवर होता, निम्मा वेळ सायकल त्याच्यावर. पहिलं तळं मागे पडलं, मग हरणांच्या कुंपणाचं फाटक, मग घोट्याएवढा काळा चिखल. दुसऱ्या तळ्यापाशी ओढ्यात पँट दुमडून एक म्हातारा उभा होता आणि चाकाची ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. ते फार्कर मास्तर निघाले. शाळेत रोरीला शिकवलेले, आणि आजच्या सामन्याचे पंच.

"मास्तर, तुम्ही इथे?"

"गाडी सुरूच होईना. निघालो सायकलने, तर पंप घरी."

"पाढे विसरलो की आम्हाला कोपऱ्यात उभं करायचात."

"मी ओढ्यात उभा आहे. ते कमी आहे का?"

रोरीने भोक बुजवलं, हवा भरली. "चला मास्तर, लवकर. एक वाजत आला."

"अरे, घाई कसली? शिट्टी माझ्या खिशात आहे."

हे रोरीच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याचे खांदे सैल पडले. दोघांनी दगडावर बसून ओटकेक आणि चीज खाल्लं, थर्मासमधला चहा वाटून घेतला. तळ्यावर ऊन आलं होतं. पुढच्या उतारावर मास्तर दोन्ही पाय पसरून सुसाट सुटले, आणि रोरी मागून "ब्रेक, मास्तर, ब्रेक" करत राहिला.

किनब्राखला पोचले तर खेळ केव्हाच सुरू झालेला. पंचाच्या जागी पाद्रीबाबा तोंडात दोन बोटं घालून शिट्ट्या मारत होते. आर्डलूइन दोन गोलांनी पुढे होतं, आणि डोलिनाने एकही गोल होऊ दिला नव्हता.

"आलास? आता बस निवांत," कप्तान इवान म्हणाला.

रोरी बसला. मास्तर मात्र थेट मैदानात शिरले. "नेमलेला पंच नाही म्हणजे सामना नाही. शून्य-शून्य. पुन्हा पहिल्यापासून."

इवान सावकाश वळला. "यांना कोणी आणलं?"

"ट्यूब पंक्चर होती त्यांची. मी फक्त..."

"राहू द्यायची होतीस की."

डोलिना हसत बाहेर आली. "घे बाबा तुझा गोल. माझी बोटं मोडली, तर तुम्हा सगळ्यांना घरी कोण नेणार?"

रोरी गोलमध्ये जाऊन उभा राहिला. आपल्या लोकांनी हात खिशात घातले होते. दोन गोल पुसले गेले म्हणून टाळ्या वाजवत होते ते किनब्राखवाले. त्याला त्याही गोड लागल्या. त्याने गुडघे वाकवले आणि चेंडूवर नजर लावली.