बेटेगावचं गोडं पाणी

माझी चूक झाली ती पाण्यात. अ‍ॅसिडला मी कधी घाबरलो नाही. अ‍ॅसिडने शर्टाला भोकं पाडली, बोटं सोलली, पण ते समोरून चावतं. पाण्याचं तसं नसतं.

१९६७ सालची गोष्ट. बोईसरला रेल्वे फाटकापलीकडे वामनरावांची शेड होती. ते इंजिनियर आणि मी, येवल्याकडचा पुंजाराम, त्यांचा बॅटरीवाला. कारखान्यात माल वाहायला विजेवर चालणारी गाडी बनवायची हे त्यांचं वेड. गाडी काय, कुणीही बनवील, ते म्हणायचे, वीज साठवायची कशात ते बोला. शिशाच्या पट्ट्यांवरचा लेप धक्क्यांनी गळतो आणि बॅटरी वर्षात म्हातारी होते. म्हणून त्यांनी पट्ट्यांना काचेच्या धाग्यांच्या खोळी घातल्या. दोन वर्षं आम्ही शिंप्यासारखे खोळी शिवत बसलो होतो. अशा अठरा सेलांची बॅटरी एका चार्जवर पंचवीस मैल गेली की शेडचा कारखाना होणार होता आणि मी कायम होणार होतो. माझी बायको नलू आणि लेक चिमी येवल्याला भावाच्या दारात दिवस काढत होत्या. कायम झालो की त्यांना आणायचं, एवढंच माझं होतं.

सेलात वरून घालायचं पाणी फक्त डिस्टिल्ड. बॅटरीचं सोवळं माझ्या आईच्या सोवळ्याहून कडक आहे, असं वामनराव हसत सांगायचे, पण त्या पाण्याच्या बरणीला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. मलाच तेवढी मुभा होती. चाचणीच्या तीन आठवडे आधी पालघरहून आणताना ती बरणी माझ्या हातून फुटली. वामनराव मुंबईला गेलेले, सेलांतलं पाणी आटून पट्ट्या उघड्या पडायला आलेल्या. मी बेटेगावात भाड्याने राहायचो. तिथली विहीर गोडी. आजूबाजूला सगळं मचूळ, त्यामुळे लग्नकार्याला लोक तिथलं पाणी न्यायचे. येवल्याकडे उन्हाळ्यात झऱ्यातला चिखल गाळून प्यालेल्या माणसाला त्याहून शुद्ध पाणी कुठलं दिसणार? मी ते उकळलं, धुतलेल्या धोतरातून गाळलं आणि अठराही सेलांत घातलं. वर नमस्कारही केला, काय सांगू.

दहा दिवसांनी कळलं. रात्री भरलेली बॅटरी सकाळी न वापरताच उतरलेली असायची. गोड्या पाण्यातही क्षार असतात, आणि ते आतल्या आत वीज खातात. मी बोललो नाही. रीडिंग चार्जवरून काढल्या काढल्या घ्यायचो, म्हणजे आकडा बरा दिसायचा. वामनराव माझी पाठ थोपटायचे आणि मला जमिनीत जावंसं वाटायचं. बोलावं तर नोकरी जाते, न बोलावं तर चाचणी जाते.

चाचणीला बोईसरहून पालघर, पालघरहून शिरगाव आणि तसंच परत असा रस्ता ठरला. वामनराव शेजारी बसले होते, गाडी मी चालवत होतो. शिरगाव सोडलं तेव्हाच गाडीचा आवाज जड झाला. मी म्हणालो, सडकेला चढ आहे, ओहोटी आहे तर खाडीच्या पात्रातून जाऊ, बैलगाड्या जातातच, मैलभर वाचेल. तू म्हणतोस तर चल, ते म्हणाले. पात्राच्या मध्यावर चाकं मऊ वाळूत बसली, गाडी कण्हत दोन हात सरकली आणि थांबली.

गाडी दीड टनाची, दोघांनी ढकलून हलेना. काठावर गोजराबाई नावाची कोळीण बोंबील वाळत घालत होती. तिने सांगितलं, पुरुष होड्यांवर गेलेत आणि बैलगाड्या पालघरला, तिसऱ्या प्रहराशिवाय कुणी येणार नाही. मग पात्राच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "भरती लागली हाय. आज आठम, पानी हलू येल. पन येल."

बॅटरीची पेटी गाडीच्या पोटाखाली, जमिनीपासून हातभर. खारं पाणी आत गेलं की सगळं संपलं, वर अ‍ॅसिडशी मिळून विषारी वायू सुटतो. वामनरावांनी हिशेब केला. चौदा मैल झालेत, अकरा मैलांची वीज आत आहे, म्हणजे स्विचमध्ये काहीतरी अडतंय. त्यांनी गाडी सुरू करायचा दट्ट्या दाबला. गाडी नुसती हुंकारली. दुसऱ्यांदा दाबला तेव्हा समोरचा बॅटरीचा दिवा मंदावून तांबूस झाला.

मला दिसत होतं काय होणार ते. बॅटरी थकली की तिला निजू द्यावं लागतं. तासभर हात लावला नाही तर अ‍ॅसिड पुन्हा पट्ट्यांत मुरतं आणि एक शेवटचा जोर मिळतो. बैलाचंही असंच असतं. पण प्रत्येक दाबण्याने तो शेवटचा जोरच संपत होता. आणि आत वीज नाही हे त्यांना पटवायचं तर का नाही ते सांगावं लागणार होतं. खाली पाण्याची पहिली जीभ चाकाला लागली. नलू आठवली, चिमी आठवली. वामनरावांचा हात तिसऱ्यांदा दट्ट्याकडे गेला आणि मी तो धरला. मालकाचा हात मी त्याआधी कधी धरला नव्हता.

"साहेब, दाबू नका. आत काही नाही. मी विहिरीचं पाणी घातलंय."

त्यांनी हात सोडवून मागे घेतला. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी सगळं सांगितलं, बरणी, धोतर, चार्जवरून काढल्या काढल्या घेतलेली रीडिंगं. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, किती वेळ निजू द्यायची. मी म्हणालो, जितका मिळेल तितका.

किती मिळेल ते गोजराबाईला ठाऊक होतं. काठाजवळ एक रिकामी होडी वाळूत पडली होती. तिने तिच्याकडे बोट दाखवलं. "तिचं फुडचं टोक हललं का निगा. त्याच्या आदी बसून ऱ्हावा. त्याच्यामागून मंग देव नाय, कोन नाय."

आम्ही गाडीतच बसलो. उतरून काठावर जाता आलं असतं, पण वामनराव उठले नाहीत, मग मी कसा उठणार? पाणी चाकाच्या निम्म्यावर आलं. पेटीला चार बोटं उरली, मग तीन. माझी बोटं आपोआप दट्ट्याकडे जायची आणि मी ती मांडीखाली दाबून धरायचो. इतका वेळ काही न करता मी आयुष्यात बसलो नव्हतो. वामनराव होडीवरून नजर काढत नव्हते.

होडीचं टोक हललं. अगदी थोडं, झोपेतल्या माणसाने मान वळवावी तसं. वामनराव म्हणाले, "तू दाब."

गाडी थरथरली, रुतल्या जागेतून उठली आणि पाणी कापत काठाकडे निघाली. पंचवीस-तीस पावलं असतील. पुढची चाकं कोरड्या वाळूवर चढली, मागची चढली, आणि दिवा विझला. गोजराबाईने काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा बोंबील उलटायला घेतले. मी खाली बसून पेटी चाचपली. कोरडी होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

वामनरावांनी टोपी काढून कपाळ पुसलं. सोमवारी अठराही सेल रिकामे करून धुवायचे, म्हणाले, तुझ्याच हाताने. खोळी वाचल्या तर चाचणी परत घेऊ. कायम करण्याचं यंदा विसर. मी मान हलवली. नलूला काय लिहायचं ते मनात जुळेना.

मग त्यांनी गाडीतला माझा पाण्याचा तांब्या उचलला. तोंडाशी नेता नेता थांबले.

"हे त्याच विहिरीचं?"

मी हो म्हणालो. ते सगळा तांब्या प्यायले, उपडा करून माझ्या हातात दिला.

"गोड आहे," म्हणाले. "माणसांनी प्यावं असं."