पाठीचं माप

नगरला सावेडीतल्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला आणि विचारलं, "डोक्यावर काय उचलता?"

"सरकारी माल," मी म्हटलं.

त्यांना हसायला वेळ नव्हता. मानेचे दोन मणके घासलेत, म्हणाले. डोक्यावरचं ओझं आजपासून बंद, नाहीतर उजव्या हाताची बोटं कायमची बधिर होतील. तशी ती अर्धी झालीच होती. रजिस्टरात पोरांची नावं लिहिताना पेन निसटायचं आणि त्याचा राग मी पोरांवर काढायचे.

"न्यायचंच असेल तर पाठीवर न्या. दणकट बॅग घ्या, कमरेला पट्टा असलेली. वजन कमरेवर येतं, मानेला त्रास नाही." एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

मी अंगणवाडी सेविका. पाथर्डीच्या अंगाला गर्भगिरीच्या डोंगरात आमचं गाव, आणि गावाच्या डोक्यावर खांडवस्ती. माझी अंगणवाडी त्या वस्तीवर. रस्ता पाण्याच्या टाकीपाशी संपतो. टेम्पोवाला महिन्याचा माल टाकीशेजारच्या खोलीत उतरवतो, सही घेतो आणि गाडी वळवतो. पुढे तासाभराची चढण, तीही अशी की मोटारसायकल सोडा, गाढवाचाही पाय घसरावा. मदतनिसाची जागा चार वर्षं रिकामी आहे. सुपरवायझर मॅडमना फोन केला की म्हणतात, "जमत नसेल तर तसं लिहून द्या." लिहून द्या म्हणजे सोडून द्या, हे कळायला फार शिकावं लागत नाही.

दिवाळी झाली की वस्तीवरची धडधाकट माणसं कोयता घेऊन कारखान्यावर जातात. मागे म्हाताऱ्या राहतात आणि त्यांच्या पदराखाली नातवंडं. यंदा चौदा होती. अंगणवाडीत खिचडी शिजते, पोषण आहाराची पाकिटं मिळतात, म्हणून म्हाताऱ्या पोरं ठेवून घेतात. माल वर गेला नाही तर आईबाप पोरांनाही उसाच्या फडात नेतात, आणि तिथे ती दिवसभर पाचटात बसून राहतात. म्हणून मी माल नेत होते. डोक्यावर कापडाची चुंबळ, चुंबळीवर वीस-बावीस किलोची गोणी, महिन्याला तीन खेपा. एकोणीस वर्षं.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच मी ठरवलं. या महिन्याचा माल डोक्यावर न घेता वर गेला तर ठीक, नाहीतर द्यायचं लिहून. दमले होते मी. मान दुखते म्हणून नव्हे, मान दुखते हे सारखं कुणाला तरी सांगावं लागतं म्हणून.

आमच्या ह्यांचं नाव हनुमंत. गावात पिठाची गिरणी चालवतात. तरुणपणी लष्कराच्या भरतीला छाती दोन बोटं कमी पडली, तेव्हापासून लष्कराबद्दल त्यांना सगळं ठाऊक असतं. दवाखान्याबाहेर थांबले होते, बॅग म्हटल्याबरोबर म्हणाले, "मग मिल्ट्रीचा पिट्टूच घेऊ. भिंगारला मिळतोय. जवान त्यातच समदा संसार भरून डोंगर चढत्यात." रिक्षा केली आणि गेलो.

भिंगारला कॅम्पाच्या बाजूला रंगनाथशेठ म्हणून एकाचं दुकान होतं. बूट, घोंगड्या, पाण्याच्या बाटल्या, दोऱ्या, सगळं शेवाळी रंगाचं. शेठ भला माणूस होता. त्याने तीन पिट्टू खाली काढले. पहिल्यावर जंगलाची छपाई होती. "हा कॉलेजच्या पोरांसाठी," तो म्हणाला आणि चेन दोन्हीकडून ताणून दाखवली. शिवण उसवायला लागली, तशी त्याने स्वतःच तो बाजूला ठेवला. दुसरा जाड कॅनव्हासचा, कुणा जवानाने वापरलेला. आत काळ्या शाईने खोडलेलं नाव होतं. तो रिकामाच इतका जड की आधी त्यालाच नेण्यासाठी कुणीतरी लागलं असतं. तिसरा नवा. जाड दोऱ्याचं कापड, तळाला दुहेरी शिवण, पाठीला लागून आत लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, कमरेला चार बोटं रुंद गादीचा पट्टा, छातीवरून दुसरा पट्टा. मला तो बघता क्षणीच पटला.

शेठने शेजारच्या किराणा दुकानातून तांदळाचं वीस किलोचं पोतं उसनं आणून आत कोंबलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, तुम्हीच नेणार ना? घालून बघा एकदा."

दुकानात दोन जवान बूट बघत होते. दारात आणखी एक टेकून उभा होता. छातीवरून पट्टा आवळायचा, कमरेचा ओढून बसवायचा, पदर कुठे, मंगळसूत्र कुठे, आणि हे सगळं त्या चार पुरुषांसमोर. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे जवानांकडे बघत होते. मला लाज वाटली. खरं सांगते, निव्वळ लाज वाटली. पन्नाशीला टेकलेली बाई मी, दर महिन्याला बायकांना पोटातल्या बाळाबद्दल नाही नाही ते समजावून सांगते, आणि एका पिशवीचा पट्टा आवळायला लाजले.

"ह्यांनाच घाला," मी म्हटलं.

"माप ज्याचं त्याचं असतं, ताई."

"शर्ट का हाय ते?" हे मध्येच म्हणाले. "आवो, गोनीला कुठं माप असतंय? माल मावला म्हंजी झालं." तीस वर्षं गिरणीत गोण्या बघणारा माणूस दुसरं काय म्हणणार. त्यांनी पिट्टू पाठीवर घेतला, शेठने पट्टे आवळले, आणि हे ऐटीत रस्त्यापर्यंत जाऊन आले. जवानांतल्या एकाने मान हलवून चांगला आहे म्हटलं. झालं. ह्यांची छाती तिथल्या तिथे दोन बोटं वाढली आणि आम्ही पिट्टू घेऊन घरी आलो.

घरी दार लोटून मी तो घातला. ह्यांच्या मापाचा कमरेचा पट्टा माझ्या मांड्यांवर आला. खांद्याचे पट्टे होते तेवढे आवळले, पण सांगाडा काही लहान होईना. वर त्याची कड बरोबर मानेत रुतत होती, डॉक्टरांनी बोट ठेवलेल्या त्याच जागी. मी हाक मारली. हे बाहेरच्या खोलीत जेवत होते.

"बसत न्हाई हे मला," मी म्हटलं.

"पट्टे आवळ, बसंल," ते ताटातून मान वर न काढता म्हणाले.

मी पिट्टू भिंतीला टेकवला आणि भांडी घासायला घेतली. भांडी इतकी आपटली की त्यांना अखेर विचारावंच लागलं. मग म्हणाले, "बरं, आता आनलाय तर मी नेतो. पन्नासाची गोनी एका हिसक्यात खांद्यावर घेतोय मी, ह्यात काय हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीवरून निघालो. त्यांच्या पाठीवर तांदूळ, मुगडाळ आणि पाकिटं, माझ्या हातात वजनकाटा आणि रजिस्टरं. पहिल्या वळणापर्यंत ते जवानांच्या गोष्टी सांगत होते. दुसऱ्या वळणावर गप्प झाले. तिसऱ्या वळणावर दगडावर बसले आणि पायांकडे बघत राहिले. गोणी उचलून चार पावलं टाकणं वेगळं आणि ती घेऊन तासभर चढणं वेगळं. मी काटा या हातातून त्या हातात घेतला. बोलले असते तर चांगलं बोलले नसते. पुढे दर वळणाला बसत बसत आम्ही वर पोचलो.

वस्तीवर गोजरबाईंनी आम्हाला लांबूनच बघितलं. ह्या तिथल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, तीन नातवंडं सांभाळणाऱ्या. त्यांनी अंगणात खाट टाकली. कुणी पाय धुवायला गरम पाणी आणलं, कुणी गुळाचा चहा. सगळ्या म्हाताऱ्या ह्यांच्याभोवती गोळा झाल्या.

"बायकूसाठी वझं वाहतोय बगा," गोजरबाई म्हणाल्या. "असा मानूस मिळाया नशीब लागतं. तुमी लई नशिबाच्या, बाई."

मी अंगणवाडीच्या दारात काटा घेऊन उभी होते. चहा मलाही मिळायचा, खोटं कशाला बोलू. पण खाट कुणी कधी टाकली नव्हती. एकोणीस वर्षं मी तेच ओझं घेऊन त्याच वाटेने येत होते आणि ते माझं काम होतं. हे एकदा आले आणि ती माया झाली. मला इतका राग आला की मी सरळ आत जाऊन पोरांना रांगेत उभं केलं आणि एकेकाचं वजन घेतलं. गोजरबाईंची धाकटी नात दोनशे ग्रॅमने वाढली होती. ते रजिस्टरात लिहिताना जरा बरं वाटलं.

उतरतानाही हे वळणावळणाला बसले. संध्याकाळी पालथे पडून राहिले, मी तेल चोळलं. सकाळी उठले ते भिंत धरून. खोलीत अजून दोन खेपांचा माल पडला होता.

"आज न्हाई जमायचं," ते म्हणाले. "दोन दिस जाऊ दे."

वरचा तांदूळ आठवडाभर पुरला असता, पण पाकिटांतली अर्धी अजून खालीच होती. मी खुंटीवरून चुंबळ काढली.

"डाक्टर काय म्हनला व्हता?" ह्यांनी विचारलं.

"डॉक्टर सावेडीत असतात. पोरं डोंगरावर असतात."

त्यांनी माझ्या हातातली चुंबळ काढून घेतली. मग म्हणाले, "तो पिट्टू घाल बरं एकदा. माझ्यासमोर घाल."

मी घातला. त्यांनी स्वतः पट्टा ओढला. तो मांडीवर आला. त्यांनी वर सरकवला, तशी कड मानेत घुसली आणि मी कण्हले. ते चटकन मागे झाले. पिट्टू उतरवून त्यांनी गिरणीतून गोण्या शिवायची सुतळी आणली आणि मला पाठमोरी उभं केलं.

सुतळीचं एक टोक त्यांनी मानेच्या हाडावर धरलं. त्यांचा हात तिथेच थांबला.

"हे काय हाय हितं?"

"मान हाय."

"सुजलीय."

"आरती चौथीत व्हती तवापासून." आरती आमची मुलगी. ती आता पुण्याला नर्सिंग शिकते आहे.

त्यांनी सुतळी हळूहळू खाली कमरेपर्यंत नेली, तिथे गाठ मारली आणि ती पिट्टूच्या सांगाड्यावर ठेवली. वीतभर सांगाडा उरला. त्यांनी मला परत उभं केलं आणि परत मापलं. गाठ होती तिथेच आली.

"एवढीच?" ते म्हणाले.

"एवढीच हाय. पहिल्यापासून."

"मला वाटलं..." म्हणाले आणि पुढचं राहूनच गेलं.

त्यांना काय वाटलं होतं ते मला माहीत होतं. डोक्यावर गोणी असली की बाई लांबून उंच दिसते. गिरणीच्या दारातून ते मला तेवढीच उंच बघत आले होते, टाकीवरून चढणीला लागलेली.

"शेठ बदलून देईल," ते म्हणाले. "न्हाई दिला तर दुसरा घिऊ." एका हाताने कंबर धरून आणि दुसऱ्या हातात पिट्टू घेऊन ते सातच्या एसटीला निघाले. सुतळी नीट गुंडाळून त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली होती. दारातून वळून म्हणाले, "तवर डोक्यावर काय घिऊ नगं."

ते गेल्यावर मी पायरीवर बसले आणि रडले. त्या वाटेवर एकोणीस वर्षं रडायची सोयच नव्हती. एक हात गोणीला लागतो, दुसरा निऱ्या धरायला, डोळे पुसणार कशाने? त्या सकाळी दोन्ही हात मोकळे होते. पोटभर रडून घेतलं. मग तोंड धुतलं आणि डोक्यावर काही न घेता वर गेले, चौदा जणांची खिचडी टाकायची होती.